हत्ती कुठे आहे? : निवडणुकीच्या बिल्ल्यांतून इतिहास शिकवताना

मित्रहो, आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या माणसानं निवडणुकीच्या बिल्ल्यांवर बोलण्याचं काय कारण? कारण आहे. आम्ही आयुष्यभर प्रमाणशास्त्र शिकवलं. एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कशावरून कळतं, हा आमचा विषय. आणि तो आम्हाला नीट समजला तो एका बिस्किटाच्या रिकाम्या डब्यापाशी. आज त्याच डब्याबद्दल बोलायचं आहे.

आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते. निवडणुकीच्या कामाला त्यांना दर वेळी जावं लागे, आणि येताना ते काही ना काही घेऊन येत. पत्र्याचा बिल्ला, चिटोरं, कापडी झेंडी. जपून ठेवावं असं त्यात काही आहे, असं त्यांना वाटत नसावं. पण फेकलंही नाही. त्यांच्या मागे तो डबा आमच्याकडे आला. त्यात बैलजोडीचे दोन बिल्ले, झोपडीच्या चित्राचं एक पत्रक, पणतीचं एक, गाय-वासराचा कागदी शिक्का, चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्याची झेंडी, आणि मतदारांना वाटायच्या चिठ्ठ्यांचा जुडगा होता.

महाविद्यालयात आमच्याकडे इतिहासाचा एक तास जोडून दिलेला असे. एक दिवस आम्ही तो डबाच वर्गात नेला. टेबलावर सगळं मांडलं आणि मुलांना म्हटलं, हे काळाच्या क्रमानं लावा. पुस्तकात बघायचं नाही.

हा खेळ तुम्हीही कुठल्याही शाळेत करू शकता, म्हणून तो कसा चालतो ते सांगतो. बैलजोडी हे काँग्रेसचं चिन्ह १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनचं. १९६९ साली पक्ष फुटला, बैलजोडीवर दोघांनी हक्क सांगितला, आणि १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींचा पक्ष गाय-वासरू घेऊन उतरला. १९७७ ला जनता पक्षाचे उमेदवार नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर लढले. ते चिन्ह मुळात भारतीय लोकदलाचं. १९७८ नंतर इंदिरा काँग्रेसचा हात आला. पणती जनसंघाची, झोपडी प्रजा समाजवादी पक्षाची. एवढं कळलं की मुलं अर्ध्या तासात पाव शतकाचं राजकारण टेबलावर मांडून दाखवतात. पक्षफुटीचा धडा वाचून जे ध्यानात राहत नाही, ते बैल जाऊन गाय का आली या एका प्रश्नानं ध्यानात राहतं.

यात फसगतीच्या जागाही आहेत, आणि शिकवण्याच्या दृष्टीनं त्याच महत्त्वाच्या. आम्ही मुलांना विचारत असू, १९५२ च्या कागदावर हाताचा पंजा दिसला तर पक्ष कोणता? सगळे एका सुरात म्हणत, काँग्रेस. चूक. त्या वेळी हात हे चिन्ह फॉरवर्ड ब्लॉकच्या रुईकर गटाचं होतं. हे रुईकर म्हणजे आपल्या नागपूरचे कामगार पुढारी रा. स. रुईकर. दुसरी फसगत अशी की भंडाऱ्याच्या जुन्या पत्रकावर 'मध्यप्रदेश' छापलेलं दिसतं. मुलांना वाटे छापखान्याची चूक. पण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला जिल्हा मध्यप्रदेशातच होता, राजधानी नागपूर. नंतर द्विभाषिक मुंबई राज्य, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. गोंदिया वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. म्हणजे कागदावरच्या एका शब्दात राज्य पुनर्रचनेचा सगळा इतिहास आहे. आजच्या नकाशातून मागे बघायची खोड त्यानं मोडते.

चिन्हं का लागली, हेही सांगावं लागतं. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे १८ टक्के. मतदार १७ कोटींच्या वर. त्यांना नाव वाचून मत द्या म्हणणं शक्य नव्हतं. म्हणून पहिल्या निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी. पेटीवर त्याचं चिन्ह. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नाही, ती फक्त आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात त्यासाठी लाखो लोखंडी पेट्या तयार झाल्या. एकाच मतपत्रिकेवर सगळी नावं आणि त्यावर शिक्का, ही पद्धत त्यानंतरची. म्हणून त्या काळच्या बिल्ल्यावर 'शिक्का मारा' असं लिहिलेलं सापडलं, तर थांबून विचार करावा की हा खरोखर १९५२ चाच आहे का.

बाहेरच्या देशांत अशा वस्तूंचा अभ्यास बराच झालेला आहे. अमेरिकेत १८९६ साली मॅकिन्ली आणि ब्रायन यांच्या लढतीत सेल्युलॉइडचे टाचणीचे बिल्ले पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर निघाले. ती निवडणूक सोन्याचं चलन की चांदीचं, यावर लढली गेली, आणि सोन्याच्या बाजूचे लोक सोनेरी किड्याच्या आकाराची पिन कोटाला लावत. तिथले शिक्षक तो किडा दाखवून चलनाचं अर्थकारण शिकवू शकतात. आपल्याकडे तसं करायला काय हरकत आहे? बैलजोडी दाखवून कुळकायदा, बैलबारदाना, पोळ्याला कोणाच्या दारी बैल असत आणि कोणाच्या दारी नसत, इथपर्यंत जाता येतं. आमच्या वर्गातल्या एका मुलानं ते बरोबर हेरलं होतं. तो म्हणाला, "सर, ज्याच्या घरी बैलच नाही त्याला हे चित्र आपलं वाटलं असेल का जी?" उत्तर आमच्याकडे नव्हतं. पण प्रश्न इतिहासाचा होता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

त्याच तासाला मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. सगळं टेबल तिनं बघितलं होतं. म्हणाली, "सर, हत्ती कुठे आहे?"

आम्ही विचारलं, कोणता हत्ती?

ती म्हणाली, "बाबासाहेबांचा. ते आपल्या भंडाऱ्यातूनच उभे होते ना. माझी आजी सांगते."

मित्रहो, आम्ही तोवर बरीच वर्षं शिकवत होतो. राज्यघटनेवर व्याख्यानं दिली होती. समतेच्या तत्त्वज्ञानावर मुलांकडून निबंध लिहून घेतले होते. आणि ज्या गावात उभे राहून हे सगळं बोलत होतो, त्या गावानं घटनेच्या शिल्पकाराचा पराभव केला होता, हे आम्ही वर्गात एकदाही उच्चारलं नव्हतं. माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण अभ्यासक्रमात नव्हतं, डब्यातही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सोयीचंही नव्हतं.

तेव्हा घटना सांगतो. १९५२ साली डॉ. आंबेडकर उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले. पुढे ते राज्यसभेवर गेले. मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. हा मतदारसंघ द्विसदस्य, म्हणजे एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. बाबासाहेब शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे उभे होते. फेडरेशनचं चिन्ह हत्ती. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. बाबासाहेब हरले. लोकसभेसाठी त्यांनी लढवलेली ही शेवटची निवडणूक. अडीच वर्षांनी, ६ डिसेंबर १९५६ ला, ते गेले.

त्या मुलीला आम्ही म्हटलं, आजीला विचारून ये, तिनं मत कसं दिलं. दोन दिवसांनी तिनं वहीत लिहून आणलं. आजीचे शब्द होते, "दोन चिठ्ठ्या होत्या. एक हत्तीत टाकली, एक झोपडीत. बाबासाहेबानं तसंच सांगतलं होतं."

आता या वाक्याचं वजन समजायला त्या काळची मोजणी समजून घ्यावी लागते. द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मतं असत. दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. मोजणीत आधी राखीव जागा ठरे. अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याची मतं सर्वांत जास्त, तो निवडून आला. मग उरलेल्या सगळ्या उमेदवारांत, ते कोणत्याही जातीचे असोत, ज्याची मतं जास्त तो दुसऱ्या जागेवर. ही शेवटची ओळ नीट लक्षात घ्या. राखीव जागेवर मागे पडलेला उमेदवारसुद्धा सर्वसाधारण जागा जिंकू शकत होता. १९५७ ला आंध्रात पार्वतीपुरममध्ये दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना गेल्या आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी हरले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि न्यायालयानं ही मोजणी योग्य ठरवली. १९६१ च्या कायद्यानं द्विसदस्य मतदारसंघच बंद झाले.

यातून एक युक्ती निघत असे. तिला आपल्याकडे 'मत कुजवणं' म्हणत. आपल्या उमेदवाराला एक मत द्यायचं आणि दुसरं कोणालाच द्यायचं नाही.

आम्ही वर्गात चार खोके ठेवले. बैलजोडीचे दोन, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, एक झोपडी, एक हत्ती. चाळीस मुलं, प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या. आकडे आमचे, शिकवण्यापुरते. १९५४ चे नव्हेत, हे मुलांना बजावून सांगितलं. तेरा जणांनी दोन्ही चिठ्ठ्या बैलजोडीच्या दोन खोक्यांत टाकल्या. अकरा जणांनी एक झोपडीत आणि एक राखीव बैलजोडीत. सोळा जणांनी एक हत्तीत, एक झोपडीत. मोजा. राखीव बैलजोडी चोवीस, हत्ती सोळा, झोपडी सत्तावीस, सर्वसाधारण बैलजोडी तेरा. राखीव जागा बैलजोडीला, उरलेल्यांत झोपडी पुढे. हत्ती हरला.

मग त्या सोळा जणांना म्हटलं, आता दुसरी चिठ्ठी खिशात ठेवा. पुन्हा मोजा. राखीव बैलजोडी चोवीसच. पण झोपडी अकरावर आली, सर्वसाधारण बैलजोडी तेरा, आणि हत्ती सोळा. राखीव जागा बैलजोडीलाच गेली, पण दुसरी जागा हत्तीला मिळाली!

वर्ग शांत झाला. एक मुलगा म्हणाला, "मग काहून नाही केलं तसं?"

भंडाऱ्याच्या त्या निवडणुकीबद्दल एक गोष्ट आपल्या भागात घराघरांत सांगतात. कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना दुसरं मत कुजवायचा आग्रह केला, आणि ते म्हणाले की घटना मी लिहिली, मताचा अधिकार मी मिळवून दिला, तो वाया घालवा असं मी सांगणार नाही, हरलो तरी चालेल. नेमके शब्द प्रत्येक घरात वेगळे असतात. आशय एकच.

इथे आमच्यातला प्रमाणशास्त्राचा मास्तर जागा झाला. ही गोष्ट शब्दप्रमाण. शब्दप्रमाण मानायचं तर आप्त कोण, हे विचारलं पाहिजे. सांगणारा तिथे होता का? त्याला फुगवून सांगण्याचं कारण होतं का? मुलांनी वाद घातला. काहींचं म्हणणं, पराभवानंतर तो उजळ करायला अशा गोष्टी तयार होतात. मग ती मुलगी म्हणाली, "पण आजीनं झोपडीत टाकली ना चिठ्ठी." बघा, तिनं किती अचूक बोट ठेवलं. बाबासाहेब काय म्हणाले याला आजी साक्षी नव्हती. पण स्वतःच्या हातातली दुसरी चिठ्ठी कुठे गेली, याला तिच्याशिवाय दुसरा साक्षी नव्हता. आणि एका आजीवरून सगळ्यांनी तसंच केलं असंही ठरत नाही, हे दुसऱ्या मुलानं लगेच सांगितलं. दोघंही बरोबर होते. त्या दिवशी आम्ही शिकवलेला इतिहास आमच्या चाळीस पानी टिपणांपेक्षा जास्त होता.

आता डब्यात हत्ती का नव्हता, त्याकडे येऊ. कुमारिल भट्टांच्या मीमांसेत 'अनुपलब्धी' हे एक प्रमाण मानलं आहे. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून तिथे घडा नाही हे कळतं. पण त्याला एक अट आहे. ती अनुपलब्धी 'योग्य' हवी. म्हणजे घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणता येत नाही. आमचा डबा हा तसा अंधार होता. वडील ज्या घरांत बसत-उठत, ज्या गल्लीतून जात, तिथल्या वस्तू डब्यात आल्या. हत्तीचा बिल्ला ज्या वस्तीत वाटला गेला, तिथून तो आमच्या ओसरीपर्यंत येण्याची वाटच नव्हती. त्यामुळे डब्यात हत्ती नसणं हे भंडाऱ्याबद्दल काही सांगत नाही. ते आमच्या घराबद्दल सांगतं.

वस्तू टिकते ती ज्याच्या घराला कपाट आहे त्याच्याकडे. कुडाच्या घरात, बिड्या वळून आणि धानाच्या रोवणीला जाऊन पोट भरणाऱ्या माणसाकडे कागद किती पावसाळे टिकणार? तिथे टिकते ती आठवण. म्हणून आमचं सांगणं असं की जो शिक्षक वर्गात फक्त वस्तू मांडतो, तो नकळत जपणाऱ्यांचाच इतिहास शिकवतो. प्रत्येक बिल्ल्याशेजारी एक मोकळी जागा ठेवावी आणि विचारावं, इथे काय असायला हवं होतं?

बायकांच्या बाबतीतही हेच. पहिल्या निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असं सांगितलं होतं. त्यांच्या नावाची चिठ्ठी कुठल्याही डब्यात सापडायची नाही.

हे सगळं करताना आमच्या हातून चुकाही झाल्या, त्या सांगितल्या पाहिजेत. उत्साहाच्या भरात आम्ही मुलांना म्हटलं, घरी असेल ते घेऊन या. एकानं नुकत्याच झालेल्या निवडणुकीतलं एक पत्रक आणलं. त्यात उमेदवाराच्या जातीवरून घाणेरडा मजकूर होता. आम्ही न वाचता ते वर्गात फिरवलं. त्याच समाजाची दोन मुलं त्या वर्गात होती. पुढचे आठ दिवस ती आमच्या तासाला आली नाहीत. आम्ही त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. ती परत आली, पण ती बोच अजून आहे.

तेव्हापासून काही नियम पाळले. वस्तू आधी शिक्षकानं बघायची. वर्गातल्या मुलांच्या वयापेक्षा ती जुनी हवी. निवडणूक जाहीर झाली की डबा बंद. एका पक्षाची वस्तू एकटी दाखवायची नाही. मतदार चिठ्ठीवर कोणाचं नाव-पत्ता असेल तर झाकायचं. आणि मुलगा कोणाचा, त्याच्या घरचे कोणाला मत देतात, हे विचारायचं नाही.

चार प्रश्न मात्र दर वेळी विचारायचे. हे कोणी छापलं? कोणासाठी? पैसे कोणी दिले? आणि यात काय सांगितलेलं नाही? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१ साली १२७-क हे कलम आलं. त्यानुसार निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक आहे. ज्या कागदावर ती ओळ नाही, तो कागद काहीतरी लपवतो आहे. आजच्या मोबाइलवर येणाऱ्या निनावी मजकुराकडे बघायची दृष्टी मुलांना या एका ओळीतून येते.

कॉलिंगवूड नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ म्हणत असे की जगातली कुठलीही वस्तू पुरावा होऊ शकते, पण प्रश्न विचारल्यावरच. आमच्या डब्यात पुरावा नव्हता, पत्रा आणि कागद होता. पुरावा झाला तो त्या मुलीनं तोंड उघडल्यावर.

शेवटचं एक सांगतो. २८ मे २०१८ ला भंडारा-गोंदियात पुन्हा एक पोटनिवडणूक झाली. यंत्रं बिघडली, ४९ केंद्रांवर ३० मे ला फेरमतदान घ्यावं लागलं. त्या निवडणुकीतलं तुमच्या घरी काय शिल्लक आहे? बहुतेकांकडे काही नाही. बिल्ले गेले, भिंती रंगवणं गेलं, प्रचार मोबाइलवर आला आणि मोबाइल बदलला की पुसला गेला. १९५४ चा हत्ती गरिबीनं हरवला. आपल्या काळाच्या वस्तू आपण हातानं पुसतो आहोत. तेव्हा एखादी चिठ्ठी, एखादं पत्रक पाकिटात घाला आणि त्यावर तारीख आणि गाव लिहा. आपल्या पक्षाचं ठेवाल तसं विरोधकाचंही ठेवा. आणि घरात ऐंशी-नव्वदीचं कोणी असेल, तर आज रात्रीच त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, पहिलं मत कुठे टाकलं होतं?

आमच्या डब्यात हत्ती आजही नाही. त्याच्या जागी त्या मुलीच्या वहीचं पान आम्ही ठेवलं आहे, आजीचं वाक्य असलेलं. वर्गात डबा उघडला की सगळ्यात आधी ते पान काढतो.

थांबतो.